कागदावरची गच्ची

"नगराध्यक्षांच्या घराला लिफ्ट आहे, हे लिहायचं की नाही?" शिंप्याच्या बहिणीने ब्रश वर धरून विचारलं.

"लिही. शेडला लिफ्ट, असं लिही," वायरमन म्हणाला. "आत बांधलेल्या शेळ्यांचे गुडघे दुखत असतील."

शिंप्याच्या घराच्या वरच्या खोलीत हशा पिकला. नगराध्यक्षांचं तीन मजली घर घरपट्टीच्या कागदावर पत्र्याची शेड म्हणून लागलेलं आहे, आणि इतकी वर्षं ते शेडचीच पट्टी भरताहेत, हे सकाळीच सगळ्यांना कळलं होतं. दुपारी मोर्चा निघणार होता.

बॅनरसाठी पांढरं कापड शिंप्याने दुकानातल्या ठाणातून फाडून दिलं होतं. बॅनर धरून पुढे तोच चालणार आणि नगराध्यक्षांना प्रश्नही तोच विचारणार, असं गल्लीने ठरवलं होतं. आवाज खणखणीत, आणि माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एवढ्यात निवृत्त पोस्टमनकाका धापा टाकत वर आले. "मास्तर, मी टपाल वाटायचो तेव्हा हा जिना नव्हता रे तुमच्याकडे."

"नव्हता, काका. मागाहून केला, या खोलीसाठी," शिंपी म्हणाला.

"खोलीही नव्हती मग?"

"खोलीशिवाय नुसता जिना कोण बांधतं, काका? स्वर्गात जायला?" वायरमन म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

शिंपी हसला नाही. हातातली कात्री त्याने कापडावरच ठेवली.

"कागदावर इथे अजून गच्ची आहे," तो म्हणाला.

बहिणीचा ब्रश थांबला.

"अरे, कुठे त्यांचा बंगला, कुठे तुझं हे खुराडं," कोपऱ्यावरचे औषधवाले म्हणाले. "त्यांचं पोतंभर, तुझं चिमूटभर."

"चिमूटभर खरं, भाऊ. पण चिमूट माझीच ना?"

"मग तू नको बोलूस. दुसरं कुणी बॅनर धरेल. ज्याचं घर कागदावर जसं आहे तसंच आहे, असा कुणीतरी."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वायरमन आपली नखं बघू लागला. त्याच्या घरामागे एक पडवी वाढली होती. औषधवाल्यांनी गेल्या वर्षी आपलं दुकान जरासं पुढे घेतलं होतं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

"मी धरतो," पोस्टमनकाका म्हणाले. "मी भाडेकरू. माझ्या नावावर एक वीटसुद्धा नाही. पण एकट्या माझ्या हातात तो मोर्चा नाही दिसायचा, धुणं वाळत घातल्यासारखं दिसेल."

या वेळी कुणी हसलं नाही.

शिंप्याची बायको भिंतीला टेकून बटणं लावत बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. नव्या मशीनसाठी दोघांनी पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. खोली कागदावर चढवायची तर मागची बाकी दंडासकट भरावी लागणार. मशीन गेलंच म्हणायचं.

"काय गं?"

"मला काय विचारता? तोंड तुम्हाला उघडायचंय तिथे." तिने दोरा दातांनी तोडला. "जुनं कुरकुरतं, पण शिवतं अजून."

शिंप्याने चपला पायात सरकवल्या. "मी पुढे होतो. मोर्चा येतोय म्हटल्यावर खिडकी लवकर बंद करतील."

"दादा, मग हे?" बहिणीने बॅनर दाखवला.

"पुरा कर. विचारायचं ते विचारायचंच आहे."

नगरपालिकेत घरपट्टीची खिडकी नगराध्यक्षांच्या दालनाच्या बरोबर खाली होती. शिंपी पोचला तेव्हा कारकून झडप ओढतच होता.

"आज बंद. मोर्चा येतोय. दगडबिगड आले तर माझं डोकं फुटायचं."

"मोर्च्यातलाच आहे मी. गच्चीवर खोली बांधली, तिची नोंद करायची राहिली. करून घ्या."

कारकुनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज? अहो, सकाळपासून लोक भरलेली पट्टी परत मागायला येताहेत."

"आजच. मला वर जाऊन एक प्रश्न विचारायचाय."

मागे कुणीतरी खाकरलं. औषधवाले होते.

"माझं दुकान थोडं पुढे आलंय," ते हळूच म्हणाले. "अगदी थोडंच हं."

त्यांच्या मागे वायरमन येऊन उभा राहिला. त्याच्या मागे शिंप्याच्या समोर राहणाऱ्या बाई. "काचा लावून बंद केलेली गॅलरी धरतात का हो?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या रांगेत उभ्या राहिल्या. मोर्च्यासाठी निघालेली माणसं एकेक करून येत गेली. काहीजण रांग पाहून परत फिरले. बरेचजण थांबले. दाराबाहेर पोस्टमनकाका आणि शिंप्याची बहीण ओल्या रंगाचा बॅनर धरून उभे होते.

कारकुनाने मान उंचावून रांगेचं टोक पाहिलं आणि शेजारच्या खिडकीची गंजलेली कडी ठोकून ठोकून उघडली.

वरच्या मजल्यावर नगराध्यक्ष मघापासून घोषणांची वाट पाहत होते. शेवटी न राहवून त्यांनी शिपायाला विचारलं, "आले का रे ते?"

"केव्हाच आलेत, साहेब."

"मग आवाज कसा नाही? काय करताहेत?"

शिपायाने जिन्यावरून पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

"आपापली घरं लिहून देताहेत, साहेब," तो म्हणाला. "झालं की वर येतो म्हणालेत."