पहिलं नाव

१९७९ सालची गोष्ट. पुण्याच्या एका संगणक केंद्रात नोकरीला असलेल्या साताऱ्याच्या जोतीरामने नर्सिंगला निवडलेल्या शंभर मुलींची पत्रं छापायला सी भाषेत यादीतलं एकेक नाव घेत जाणारा फॉर लूप लिहिला. या भाषेत यादीची मोजणी शून्यापासून होते, हे घाईत त्याच्या ध्यानातून गेलं आणि त्याने लूप एकपासून सुरू केला. पहिलं नाव वगळून नव्व्याण्णव पत्रं निघाली.

महिन्याने चूक सापडली, तेव्हा दुरुस्तीला अर्धं मिनिटही लागलं नाही. एकाच्या जागी शून्य घालून त्याने वगळल्या गेलेल्या हौसाचं पत्र छापलं आणि टपालावर भरवसा न ठेवता स्वतःच एसटीने विट्याजवळचं तिचं गाव गाठलं. दारात मांडव पडला होता. घरात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या.

त्याने हौसाच्या वडिलांना, धोंडीबांना, बाजूला घेतलं. "चूक माझी हाय, मामा. पन हजर व्हायला सोमवारपातूर मुदत हाय. तुमची हौसा यादीत पैली आली."

"पैली?"

धोंडीबांनी पत्रावरून सावकाश बोट फिरवलं. आता शिव्या बसणार म्हणून जोतीराम मान खाली घालून उभा राहिला. पण त्यांनी पत्राची बारीक घडी केली आणि पटक्यात खोचली.

"आलाय तर जेवून जावा, सायेब. पर तिच्यासमोर ह्यातलं काय बी काढू नगा."

"का, मामा?"


"पत्र आलं न्हाई, म्हनूनच ती लग्नाला व्हय म्हनली."