नवी कडी

"दार फोडलेलं नाही गं, उघडलंय," माझ्या मैत्रिणीची, रुबीनाची अम्मी म्हणाली. कालच्या दंगलीत घरातले मागच्या बाजूने पळाले म्हणून वाचले होते. आत शिलाई मशीनचा कोळसा झाला होता.

त्या दाराची आतली कडी सैल होती. बाहेरून दार अंगाकडे ओढून जरा वर उचललं की ती आपोआप निघायची. ही युक्ती घरच्यांना ठाऊक होती आणि आमच्या व्हॉलीबॉलच्या पोरांना. भांडणं थांबावीत म्हणून आमच्या आणि रुबीनाच्या, दोन्ही मोहल्ल्यांची एकच टीम मीच बांधली होती. सराव संपला की सगळे पाणी प्यायला याच घरात घुसायचे. "एकमेकांच्या घरी गेलात, तर एकमेकांवर दगड उचलणार नाही," असं मी प्रत्येक सभेत सांगायचे. टाळ्या पडायच्या.

संध्याकाळी मैदानावर सगळ्यांना बोलावलं. रुबीनाचा भाऊ सोडून सगळे आले.

"कोण होतं?" मी विचारलं.

कुणी बुटाची नाडी बांधत बसलं, कुणी नेट ताणत राहिलं. शेवटी एकजण म्हणाला, "ताई, आज खेळायचं ना?"

आठवड्याने पुन्हा अम्मीकडे गेले. सवयीने दार ओढलं, उचललं, ढकललं. ते हललंच नाही.

आतून अम्मीचा घाबरलेला आवाज आला, "कोण आहे?"

इतक्या वर्षांत त्या दारात मला पहिल्यांदाच कुणी नाव विचारलं होतं. मी दारावरचा हात मागे घेतला.