तीन सेकंदांचा बाप

ॲरिझोनातल्या त्या गावात दर वर्षी जुने, स्वस्तातले काउबॉय सिनेमे दाखवत. हिरोनं गोळी झाडली की हॅटवाले म्हातारे पोरांसारख्या टाळ्या पिटायचे. दर वेळी पहिल्या रांगेत बसणाऱ्या, नावाहो या मूळ अमेरिकी आदिवासी जमातीतल्या डेझबाला चिडवायचे, "काय आजी, आमच्या हिरोवर जीव जडलाय वाटतं!"

हिरो गेला खड्ड्यात. त्या गोळीनं घोड्यावरून पडणारा 'इंडियन', म्हणजे पडद्यावरचा आदिवासी, तिचा बाप होता. ती तान्ही असतानाच तो वारला. घरात त्याचा एक फोटो नाही. कंजूष निर्मात्यांनी त्याचं ते एकच पडणं पाच सिनेमांत चिकटवलं होतं, म्हणून वर्षातून पाचदा, तीन-तीन सेकंद, तिला बाप दिसायचा.

यंदा पाचही सिनेमे संपले. बाप आलाच नाही.

आयोजक वेंडेल हॅट काढून तिच्यापाशी वाकला. "आजी, तुमची माणसं मरताना बघून आम्ही इतकी वर्षं टाळ्या पिटल्या. लाज वाटली हो. यंदा ते सगळे तुकडे कापून काढले."

"कुठायत ते तुकडे?"



"जाळून टाकले, आजी. पुन्हा कुणाच्या नजरेला पडायला नकोत."