दाराचं कुंकू

डोंगरावरच्या देवीची ओटी भरून आई रानातल्या पायवाटेने पहिल्यांदाच लेकीच्या वेधशाळेत आली. उरलेलं कुंकू तिने घुमटाच्या पांढऱ्या लोखंडी दाराला लावलं. दसऱ्याला विळ्याला, पाट्याला लावायची तसंच. लेकीच्या पोटापाण्याचं दार होतं ते.

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आले. "हे काय? कोण या बाई?"

लेकीची कानशिलं तापली. "देवळात आल्या असतील, सर. वाट चुकल्या असतील," असं म्हणून ती घाईघाईने रुमालाने दार पुसू लागली.

आईने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "चुकलंच, मॅडम. मला वाटलं, हेही देऊळच."

त्या रात्री घरी आईने पिठलं-भात वाढला, "अजून घे गं," म्हणून आग्रहही केला. लेकीने ताटातून मान वर केली नाही. पहाटे आई झोपेतच गेली.

दिवसकार्य उरकून लेक पुन्हा डोंगर चढली. रान तसंच हिरवं होतं, देवळातली घंटा तशीच वाजत होती. आणि दाराच्या बिजागरीत कुंकवाची एक रेघ राहून गेली होती.

"आईचं कळलं. फार वाईट झालं," साहेब हळू आवाजात म्हणाले. मग त्यांची नजर दाराकडे गेली. "अरे, त्या देवळातल्या बाईंचं कुंकू अजून आहेच का? थांबा, पुसायला सांगतो कुणाला तरी."

तिने बिजागरीवर तळहात ठेवला.

"नको, सर. तीच माझी आई होती."