वैजूचा रिपोर्ट

हणमंतने डॉक्टरांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आदळलं. "हा ताप तिच्या सासरच्या अख्ख्या गल्लीला आला, सगळे बरे झाले. मग माझी बहीणच कशी मेली?"

डॉक्टरांच्या ओठातून रक्त येत होतं. "वैजूच्या रक्तात प्रोटीनच उरलं नव्हतं. तापाशी झगडायला अंगात काही नव्हतं. किती महिने उपाशी होती ती?"

"उपासतापास फार करायची," वैजूचा नवरा घाईघाईने म्हणाला.

कॉलर सुटली. हणमंतने मेहुण्याला फरशीवर पाडलं आणि छातीवर बसून बुक्क्यांनी त्याचं तोंड फोडलं. "तुझी आई भाकरी कुलपात ठेवायची! मला सांगितलंय वैजूनं!"

"सांगितलं होतं ना?" मेहुणा रक्त थुंकत ओरडला. "मग दिवाळीत माहेरी पळून गेलेल्या बहिणीला परत आणून कुणी सोडलं?"

हणमंतची मूठ हवेतच थांबली. त्या दिवशी एसटीत चढण्याआधी वैजूने त्याचे पाय धरले होते आणि 'घरोघरी असंच असतं,' म्हणत त्याने ते सोडवून घेतले होते.

तीच मूठ त्याने आपल्या तोंडावर मारली, पुन्हा पुन्हा मारली. शेवटी डॉक्टरांनीच त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.