वाफ

अणुभट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन खोल हौदात, पाण्याखाली ठेवतात. पाण्यामुळेच ते गार राहतं आणि पाण्यामुळेच काठावरची माणसं किरणोत्सर्गापासून वाचतात. त्या पाण्याची पातळी राखणं एवढंच प्रकल्पात त्याचं काम.

यंदा रोज जरा जास्तच पाणी सोडावं लागत होतं.

"साहेब, हौद गळतोय बहुतेक. पाणी कुठंतरी मुरतंय."

"तुम्हाला सगळीकडे पाणीच मुरताना दिसतं!" साहेब हसले. "अहो, उन्हाळा आहे, वाफ होते. पातळी रेषेवर आहे ना? मग झालं तर."

पातळी रेषेवर होती, कारण तो भरत होता. पण साहेबांशी कोण डोकं लावणार?

संध्याकाळी तो घरी आला. घर प्रकल्पाच्या भिंतीला लागूनच. आई दारातच उभी, चेहरा नुसता फुललेला.

"अरे, मागची आपली विहीर! पार खडखडीत झाली होती ना? ऐन उन्हाळ्यात पाणी आलंय तिला!"

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाले की आठ-दहा दिवस. तुझं घरात लक्ष असेल तर ना!"

आतून बाळाचं खिदळणं आणि तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता.



"आणि सूनबाईचं एक काम वाचलं बघ. बाळाच्या अंघोळीला पाणी तापवावंच लागत नाही."