इवलीशी दाढी

एडनाने पिसाचा एक तंतू चिमटीत धरला. "पप्पा, याला बार्ब का म्हणतात?"

"लॅटिनमध्ये बार्बा म्हणजे दाढी," इनास म्हणाले. "आणि तंतूवरची ही बारीक लव म्हणजे बार्बुला, इवलीशी दाढी."

पाद्री होण्याचं शिक्षण अर्धवट सोडून ते वसईला परतले, तेव्हापासून त्यांचं लॅटिन कुणालाच नको होतं. आता ते लॅटिन लेकीच्या पिसांवरच्या पुस्तकात जाणार, म्हणून चार महिने ते तिच्याबरोबर एकेका शब्दाचं मूळ शोधत बसले.

प्रकाशनाला ते पहिल्या रांगेत होते. "या शब्दांची मुळं मला माझ्या सरांनी उलगडून दाखवली," एडना माईकवरून म्हणाली.

परतताना ती म्हणाली, "सरांचं नाव घ्यावंच लागतं, पप्पा. कॉलेजातली नोकरी त्यांच्या हातात आहे. तुम्ही काय, घरचेच."



तिला नोकरी लागली. महिन्याभराने कॉलेजातून फोन आला. "पप्पा, हामुलस या शब्दाचं मूळ काय? पुढच्या तासाला शिकवायचंय."

हामुलस म्हणजे लहानसा आकडा, पिसाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा. अर्थ इनासच्या जिभेवर होता.

"विसरलो गं," ते म्हणाले. "सरांना विचार."